पुढच्या बुधवारी रोबोट येतोय

गोष्ट चार अंकांत संपायची होती. मार्व्हलने 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' हे कॉमिक काढलं तेच मुळी दर दोन महिन्यांनी एक, असे फक्त चार अंक काढायच्या बोलीवर. ट्रकचा, विमानाचा, कॅसेट प्लेअरचा रोबोट होणारी खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीकडून घेतली होती. त्या प्लास्टिकला नाव, स्वभाव आणि जुनं वैर मिळवून द्यायचं काम मार्व्हलकडे आलं. बहुतेक पात्रांची बारशी बॉब बुडियान्स्की या संपादकाने केली. चांगल्या रोबोटांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम, त्याचं नाव मात्र डेनिस ओनील या दुसऱ्या संपादकाचं.

चौथ्या अंकात ठरल्याप्रमाणे शेवटची लढाई झाली. दुष्ट डिसेप्टिकॉन्सना मिळालेल्या इंधनात एका माणसाने गुपचूप विष कालवलं होतं, त्यामुळे ते जिंकता जिंकता कोसळले. ऑप्टिमस आणि त्याचे सोबती हुश्श करतात न करतात तोच शॉकवेव्ह नावाचा एकडोळ्या, हाताच्या जागी बंदूक असलेला रोबोट कुठूनसा उगवतो आणि सगळ्यांना आडवं करतो. अंक खलास. पाचव्या अंकाचं मुखपृष्ठ तर त्याहून वरताण. जांभळा शॉकवेव्ह समोर उभा, आणि मालिकेच्या नावाखाली धगधगत्या अक्षरांत कोरलेलं: सगळे मेले आहेत. म्हणजे मालिकेचं नाव धरून वाचलं की वाक्य पुरं होतं. चार अंकांची गोष्ट मासिक होऊन पुढे 80 अंक चालली, आणि 1991 च्या शेवटच्या अंकावर छापलं गेलं, 'चार अंकांच्या मालिकेतला 80 वा अंक'. स्वतःच्या मरणावर असा विनोद करायला धाडस लागतं.

तेव्हाची पोरं आज पन्नाशीला आली तरी अशा अंकांची वाट बघायची खोड काही गेलेली नाही. नवा अंक यायला तीन महिने असतात तेव्हापासून मुखपृष्ठाची चिरफाड सुरू होते. मागे अंधारात दिसणारा तो हात कोणाचा, ऑप्टिमसच्या छातीवरची ती भेग आधी होती का, वगैरे. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. पण अमेरिकी कॉमिकच्या धंद्यात अंक छापून होण्याआधीच त्याचं नशीब ठरून जातं, आणि ते ठरतं याच गडबडीवर. कसं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी तिकडे कॉमिक औषधांच्या दुकानात, किराणा दुकानात, गोल फिरणाऱ्या लोखंडी स्टँडवर मिळायचं. खपलं नाही तर परत. अख्खा गठ्ठा परत पाठवायचा खर्च कोण करणार, म्हणून मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून पाठवला की दुकानदाराचे पैसे वळते व्हायचे. उरलेला अंक रद्दीत. मुखपृष्ठावरचा महिनासुद्धा याच व्यवहारातला. अंक कधी आला हे तो सांगत नाही, स्टँडवरून कधी उतरवायचा हे सांगतो. ट्रान्सफॉर्मर्सच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर 1984 असं असलं तरी पोरांच्या हातात तो त्याच्या बराच आधी पडला होता.

या पद्धतीत गोम अशी, की कुठला अंक कुठल्या दुकानात येईल याचा भरवसा नाही. मागच्या महिन्यात हिरो दरीत लटकत होता आणि या महिन्यात दुकानात त्याचा पत्ताच नाही, हे नेहमीचंच. ब्रुकलिनचे फिल स्यूलिंग पेशाने इंग्रजीचे शिक्षक आणि हौसेने कॉमिकची संमेलनं भरवणारे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशकांपुढे सौदा ठेवला: मला सवलत जास्त द्या, मी एकही प्रत परत करणार नाही. प्रकाशकांना हे हवंच होतं. परत येणाऱ्या प्रतींची कटकट गेली, आणि किती छापायच्या तेही आधीच कळू लागलं. यातूनच फक्त कॉमिक विकणारी दुकानं उभी राहिली. चाहत्याला हवा तो अंक हमखास मिळू लागला आणि सगळी जोखीम अलगद दुकानदाराच्या गळ्यात पडली.

ही जोखीम केवढी, ते आकड्यांत बघू. अंकाची किंमत साधारण चार डॉलर. दुकानदाराला तो अंदाजे निम्म्यात पडतो. त्याने 50 प्रती मागवल्या तर 100 डॉलर गेले. 30 खपल्या तर 120 आले, म्हणजे नफा 20. त्याच 30 मागवून 30 खपल्या असत्या तर नफा 60 झाला असता. आणि 50 मागवून 25 च खपल्या, तर महिनाभर दुकान उघडं ठेवून हातात शून्य, वर 25 अंकांचा गठ्ठा फडताळात. अशा माणसाने हात आखडता घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा? तो कमीच मागवतो, प्रकाशक मागणीच्या आसपासच छापतो, आणि ज्याने आधी सांगून ठेवलं नाही तो गिऱ्हाईक दुकानात येऊन हात हलवत परत जातो.

म्हणून तिकडचे पक्के वाचक दुकानात आपल्या नावाची यादी ठेवतात. या याद्यांतले अंक दुकानदार बाजूला काढून ठेवतो आणि आपण आठवड्याने जाऊन उचलायचे. मराठी पुस्तकांच्या प्रकाशनपूर्व सवलत योजनेत आपण कधी पैसे भरले असतील, तर यातला अर्धा भाग कळलाच म्हणून समजा: पुस्तक हातात नाही, प्रकाशकाच्या शब्दावर पैसे गुंतवलेत. फरक एवढाच की तिथे हे दर महिन्याला, प्रत्येक मालिकेसाठी चालतं, आणि मधे दुकानदार उभा असतो.

वेळापत्रक साधारण असं. अंक यायच्या अडीच-तीन महिने आधी त्याची जाहिरात निघते: मुखपृष्ठ, दोन-तीन ओळींचा मजकूर, लेखक-चित्रकारांची नावं. चाहते चघळत बसतात त्या या दोन-तीन ओळी. कित्येकदा तेव्हा आतली पानं चित्रकाराच्या टेबलावर अर्धवट पडलेली असतात. मग अंकाच्या तीनेक आठवडे आधी शेवटची मुदत येते. तोवर दुकानदार मागणीचा आकडा खालीवर करू शकतो, नंतर तो पक्का. या मुदतीच्या आगेमागेच प्रकाशक चार पानं उघड करतो, लेखक मुलाखती देत फिरतो, एखादं पात्र मरणार असल्याची कुजबूज बाहेर पडते. हा योगायोग नसतो. मुदत टळल्यावर केलेला गाजावाजा पहिल्या छपाईच्या कामाचा नाही. आणि मग एका बुधवारी अंक येतो. तिकडे नव्या कॉमिकचा वार बुधवार.

जाहिरातीत एक सांगितलं आणि आत भलतंच निघालं, किंवा अंक फार उशिरा आला, तर तो परत करायची सोय दुकानदाराला सहसा मिळते. तेवढाच त्याला दिलासा.

आता या सगळ्यातली लबाडी. एकाच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं काढतात, आणि त्यातलं एखादं असं की साध्या 25 प्रती मागवल्या तरच एक मिळणार. दुकानदार त्या एका दुर्मिळ प्रतीच्या आशेने 25 घेतो. ती एक चढ्या भावाने विकून बाकीच्यांचा खर्च भरून काढायचा त्याचा बेत. प्रकाशक जाहीर करतो, 'अंक धडाक्यात खपला'. खपला खरा, पण दुकानदारांना. वाचकांना किती, ते कोणालाच धड ठाऊक नसतं. 1991 मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि 80 लाखांवर प्रती दुकानांत गेल्या. पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून लोकांनी पाच-पाच घेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवल्या. जी वस्तू लाखो लोकांनी जपून ठेवली ती दुर्मिळ व्हायची कशी, एवढा साधा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत फुगा फुटला, हजारो दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर 1996 मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. रोबोटच्या कॉमिकनाही ही मुखपृष्ठांची हाव सुटलेली नाही. माझं साधं मत: आतली पानं तीच असतील तर सर्वांत स्वस्त मुखपृष्ठ घ्यावं.

आधी सांगायचं, मग विकायचं, या घडीला अलीकडे एकदाच मस्त धक्का बसला. जून 2023. 'व्हॉइड रायव्हल्स' नावाची नवीकोरी अंतराळकथा जाहीर झाली होती. लेखक रॉबर्ट कर्कमन, चित्रं लोरेन्झो दे फेलिची यांची. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन वैमानिक एका ओसाड ग्रहावर अडकतात, असं कथासूत्र. दुकानदारांनी एका नव्या, अनोळखी मालिकेला जेवढी मागणी द्यावी तेवढी दिली. अंक उघडला तर त्या दोघांना वाळवंटात एक जुनं यान सापडतं, आणि ते यान उलगडत उलगडत उभं राहतं. तो जेटफायर, ट्रान्सफॉर्मर्समधला विमानाचा रोबोट! ट्रान्सफॉर्मर्सचे हक्क आता स्कायबाउंड या प्रकाशनाकडे आलेत, ही बातमी एखाद्या पत्रकाऐवजी गोष्टीच्या पानावर फुटली. चाहते दुकानांकडे धावले, अंकाच्या छपायांवर छपाया झाल्या. धंद्याच्या हिशोबात हे उफराटं वागणं. जी खूण मुखपृष्ठावर टाकली असती तर पहिल्या छपाईचीच मागणी कैक पटींनी वाढली असती, ती त्यांनी पोटात ठेवली. पण त्या गुपिताने जी हवा तापली, तिचा फायदा पुढच्या अंकाला झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये डॅनियल वॉरन जॉन्सन यांनी लिहिलेला आणि काढलेला 'ट्रान्सफॉर्मर्स'चा नवा पहिला अंक आला, तेव्हा मधले चार महिने दुकानदारांना गिऱ्हाईकाचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते.

त्या अंकात जॉन्सन यांनी काय केलं? लाडक्या बंबलबीला पहिल्याच अंकात स्टारस्क्रीम या डिसेप्टिकॉनच्या हातून मारलं. सिनेमांनी ज्याला घराघरांत नेलं तोच पिवळा बंबलबी. वाचकाला बजावलं गेलं की इथे कोणाच्या जिवाची हमी नाही. पुढच्या महिन्याची वाट बघायला लावायचं याहून जुनं आणि याहून खात्रीचं दुसरं औषध नाही. 2024 मध्ये या मालिकेला चालू मालिकांमधली सर्वोत्तम म्हणून आयस्नर पुरस्कार मिळाला. अमेरिकी कॉमिकच्या जगात याच्यावर मान नाही. खेळणी विकायला जन्मलेल्या रोबोटांनी तो मिळवला याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ब्रिटनमधली वाट मात्र वेगळ्या जातीची. तिथे ट्रान्सफॉर्मर्सचा अंक आधी पंधरवड्याला आणि 1985 पासून दर आठवड्याला यायचा. सुरुवातीला त्यात अमेरिकी गोष्टीच छापायच्या. आता गणित मांडा. अमेरिकी अंक महिन्याला 22 पानांचा, त्याचे दोन तुकडे केले की 11 पानांचे दोन आठवडे भागतात. वर्षाचे 12 अंक म्हणजे 24 आठवडे. वर्षात आठवडे 52. उरलेल्या 28 आठवड्यांचं काय? ते भरायला तिथल्या संपादकांनी स्वतःच्या गोष्टी लिहून घेतल्या, आणि त्या लिहिता लिहिता सायमन फर्मन हा तरुण लेखक या रोबोटांचा पुराणकारच होऊन बसला. पुढे अमेरिकी मालिकाही 56 व्या अंकापासून त्याच्याकडे आली. पान भरायची निकड नसती तर हे घडलं नसतं. ब्रिटिश अंकाची आणखी एक गंमत म्हणजे वाचकांच्या पत्रांना उत्तरं रोबोट द्यायचे. पहिल्यांदा साउंडवेव्ह, नंतर ग्रिमलॉक, आणि ग्रिमलॉक तर भयंकर तोऱ्यात. आठवडाभर वाट बघणाऱ्या पोराला आपल्या पत्राचा रोबोटकडून पाणउतारा झालेला छापून यावा, यापरतं सुख ते काय असणार! हा अंक जानेवारी 1992 पर्यंत, 332 आकड्यापर्यंत चालला.

इथवर वाट आठवड्यांची नाहीतर महिन्यांची होती. वर्षांची वाट बघावी लागते ती हक्कांपायी. हे रोबोट लेखकांचे नाहीत, प्रकाशकाचेही नाहीत; ते हॅस्ब्रोचे. प्रकाशक ठरावीक काळासाठी परवाना घेतो, आणि परवान्याखाली जन्मलेलं पात्र सहसा मूळ मालकाच्या खात्यात जातं. मार्व्हलला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोबोटांचा द्वेष करणारी सर्किट ब्रेकर ही नायिका ट्रान्सफॉर्मर्समध्ये येण्याआधी मार्व्हलने तिला 1985 च्या 'सीक्रेट वॉर्स' मालिकेच्या दुसऱ्या भागात एका अंकात क्षणभर दाखवून घेतली. पहिलं दर्शन आमच्या घरात झालं, सबब पोरगी आमची. ब्रिटनमध्ये डेथ्स हेड या सुपारीबाज रोबोटसाठी एकपानी गोष्ट रचून हीच युक्ती केली गेली. पुढे परवाना दुसऱ्याकडे गेल्यावर सर्किट ब्रेकरला त्याच जुन्या गोष्टीच्या पुढच्या भागात पाऊल ठेवायची चोरी झाली.

परवानाधारक बुडाला तर आणखी वाईट. 2002 मध्ये टोरोंटोच्या ड्रीमवेव्ह कंपनीने ट्रान्सफॉर्मर्सचं कॉमिक पुन्हा सुरू केलं. बालपणीचे वाचक आता पगारदार झाले होते, पहिला अंक खपाच्या यादीत थेट वर गेला. जानेवारी 2005 मध्ये कंपनी बंद पडली. चालू मालिका वाक्य अर्धं तोडावं तशा थांबल्या. जाहीर झालेले, मुखपृष्ठं दाखवलेले अंक आलेच नाहीत. त्याच वर्षी परवाना आयडीडब्ल्यू या अमेरिकी प्रकाशनाकडे गेला, पण त्यांनी नवी घडी बसवली. आधीच्या प्रकाशकाची लोंबकळती गोष्ट पुरी करायला कोणी बांधील नसतं.

आणि तरीही एकदा उलटं झालं. मार्व्हलची मालिका 80 व्या अंकाला थांबली तेव्हा फर्मनने घाईघाईत धागे जुळवले होते, आणि ते वाचताना जाणवतं. 1993 मध्ये त्यानेच 12 अंकांची एक पुढची मालिका लिहिली, तीही आटोपली. मग 2012 साली, जुन्या चाहत्यांच्या मागणीचा जोर बघून, आयडीडब्ल्यूने त्याला आणि त्याचा तेव्हाचा जोडीदार, चित्रकार अँड्र्यू वाइल्डमनला पुन्हा बसवलं. मधलं सगळं बाजूला ठेवून, जिथे सोडलं होतं तिथून. मे महिन्यात 'साडेऐंशीवा' अंक मोफत वाटला गेला आणि जुलैमध्ये 81 वा आला. 80 आणि 81 यांच्यात 21 वर्षं. 1991 मध्ये बारा वर्षांचं असलेलं पोर तोवर तेहेतिशीला पोचलेलं. मार्च 2014 मध्ये 100 वा अंक काढून त्यांनी ती मालिका रीतसर मिटवली. गोष्ट म्हणून ती मला फार निराश आणि रक्तबंबाळ वाटते, पण 21 वर्षांनी त्याच हातांनी पुढचा आकडा छापावा हे कॉमिकच्या धंद्यात क्वचितच घडलेलं आहे.

जपानमध्ये, जिथून ही महाकाय रोबोटांची जमात मूळ निघाली, तिथे सगळं चक्र निराळं. दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' बघितलेल्यांना त्याचा जनक आठवत नसेल. ते मित्सुतेरू योकोयामा, ज्यांनी 1956 मध्येच 'तेत्सुजिन 28' हा रिमोटवर चालणारा अवाढव्य रोबोट मासिकात आणला. 1972 मध्ये गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने वैमानिकाला रोबोटच्या डोक्यात नेऊन बसवलं. ही गोष्ट 'शोनेन जंप' या जाडजूड साप्ताहिकात यायची. त्यात अनेक गोष्टी एकत्र, किंमत नाममात्र, आणि आत एक पोस्टकार्ड: या आठवड्यात कोणत्या गोष्टी आवडल्या ते कळवा. मालिका ठेवायची की गुंडाळायची याचा कौल बऱ्याच अंशी त्या कार्डांवर. म्हणजे तिथला वाचक वाचून झाल्यावर मत देतो, अमेरिकेतला वाचायच्या आधी. एवढ्या एका फरकाने दोन्हीकडच्या लेखकांच्या सवयी वेगळ्या घडल्या. जपानमध्ये प्रत्येक प्रकरणात काहीतरी हाती द्यावंच लागतं, अमेरिकेत पुढच्या अंकाचं आश्वासन पुरतं.

इथे बसून हे वाचणाऱ्यासाठी थोडं व्यवहाराचं. चार डॉलरचा सुटा अंक परदेशातून मागवायचा तर टपालखर्च अंकाच्या डोक्यावर बसतो. डिजिटल प्रत त्याच बुधवारी, जगभर एकदमच मिळते. थांबायची तयारी असेल तर पाच-सहा अंक एकत्र करून पुस्तक निघतं, ते सगळ्यात परवडतं. त्यात एक मेख आहे. सगळेच पुस्तकासाठी थांबले तर सुट्या अंकांची मागणी आटते आणि कमी खपाची मालिका पुस्तक निघायच्या आत बंद होऊ शकते. ट्रान्सफॉर्मर्सइतक्या मोठ्या नावाला ही भीती कमी, त्यामुळे इथे बिनधास्त थांबा. जॉन्सन यांचे पहिले सहा अंक 'रोबोट्स इन डिसगाइज' या नावाने एकत्र निघाले आहेत. आधीच्या चाळीस वर्षांतलं एक पानही वाचलेलं नसलं तरी ते पुस्तक कुठे अडत नाही.